पेनाची फेरी

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायच्या आधी सांगून टाकतो: आत माफी नाही आणि उपदेशही नाही. राहण्याच्या जागांची माहिती आहे. तेवढी वाच, मग फाड.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस त्याला सहा वर्षं झाली, म्हणून हा कागद. जहाज कंपनीच्या एजंटच्या ऑफिसातला कारकून माझ्या ओळखीचा आहे. तुमचं जहाज ज्या बंदराला लागेल तिथे कंपनीच्या टपालाच्या थैलीतून हे पोचवतो म्हणाला. वर हसून म्हणाला, "इंचपट्टी, हल्ली पत्र कोण लिहितं हो?" म्हटलं, ज्याचा फोन कुणी उचलत नाही तो लिहितो. 

ताईकडून सगळं कळलं. सत्तावीस तारखेला तू साइन ऑफ होऊन जहाजावरून उतरतोस. पुढे सहा आठवडे याच शहरात राहणार, कारण मेडिकल आहे, आग विझवण्याचा कोर्स पुन्हा करायचा आहे, आणि कंपनीचा फोन आला की दोन दिवसांत जहाजाच्या गँगवेवर उभं राहायला हवं. घरीच जायला दोन दिवस लागतात. तू आता फिटर झालास हेही कळलं. अभिनंदन. उशिरा झालास, पण झालास.

आणि हेही कळलं की ताईला तू म्हणालास, "कुठेही राहीन, फक्त दादाने शोधलेली जागा नको." ताईने ते मला तुझा आवाज काढून ऐकवलं. वर विचारलं, "आता तू काय करणार?"

मी म्हणालो, जागा शोधणार.

हस खुशाल. पण मीही गेले वीस दिवस किनाऱ्यावर बसून आहे, पुढचं जहाज मार्चमध्ये. माझा मुक्काम एका ओळखीच्याकडे आहे, तोही आता पुरे. हातात वेळ आहे, खिशात मोजपट्टी आहे, आणि मी सातवीनंतर शाळा न बघता इंजिनाची जाडजूड पुस्तकं डिक्शनरी उघडून वाचलेला माणूस आहे. एक खोली वाचता येणार नाही होय मला?

मी नियम केले आहेत. एक: खिडकीला गज असतील तर त्यातला एक तरी भाग आतून उघडला पाहिजे. दोन: दारापासून रस्त्यापर्यंत अंधारात हात लावत जाता आलं पाहिजे, जसं आपण धुराच्या सरावात जातो. तीन: भाडं दिवसावारी ठरलं पाहिजे, कारण आपला मुक्काम किती हे आपल्यालाच ठाऊक नसतं. चार: पासपोर्ट आणि सीडीसीचं खलाशी-ओळखपुस्तक आपल्याजवळ राहिलं पाहिजे. चौथा नियम तुला समजावायची गरज नाही.

मागच्या वेळची जागा तशी वाईट नव्हती, हे आजही सांगतो. दुसरा मजला, हवेशीर, जिना थोडा अरुंद एवढंच. तू कागद मॅनेजरच्या हातात देऊन बसलास ही गोष्ट वेगळी.

असो. ते उकरून काढायला हे पत्र लिहिलेलं नाही.

— दादा


७ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्या,

चार दिवसांत अकरा जागा बघितल्या! पायाचे तुकडे पडले, पण असा उत्साह मला शेवटचा कधी आला होता ते आठवत नाही. बहुतेक पहिल्यांदा सिलिंडरचं झाकण एकट्याने उतरवलं तेव्हा.

पहिली जागा स्टेशनजवळचं लॉज. पडदे नवे, चादर पांढरी, आरसा माणसाएवढा. मी खिडकीशी गेलो आणि गज हलवून बघितले. चारी बाजूंनी वेल्डिंग, तेही कच्चं. मॅनेजर दारात उभा.

"आत आग लागली तर माणूस कुठून जाईल?" मी विचारलं.

"साहेब, आजवर लागलेली नाही."

"लागायच्या आधी सगळ्यांचं असंच असतं."

"तुम्ही राहायला आलात की मोजायला?"

"मोजल्याशिवाय मी बूटसुद्धा घेत नाही."

तो म्हणाला, मग बुटांच्याच दुकानात जा. बोलला बरोबर, पण खिडकी चुकीचीच.

दुसरी जागा एका सद्गृहस्थांच्या घरातली मागची खोली. सगळं उत्तम. उजेड, नळाला जोर, दाराला आतून दोन कड्या. गृहस्थांनी विचारलं, काम काय करता? जहाजावर, म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी तुरुंगातून सुटून आलोय. "जहाजावरचे नको हो. महिनोन्महिने बाहेर राहून आलेली माणसं, आमच्या घरात बायकापोरं आहेत." मी म्हटलं, आमच्याही घरात आहेत, म्हणून तर महिनोन्महिने बाहेर राहतो. त्यांना लाज वाटली असावी, चहा विचारला. मी घेतला नाही. पण नळाचं कौतुक करून आलो, खोटं कशाला बोला.

खलाशांचं वसतिगृहही बघितलं, बंदराच्या दुसऱ्या फाटकासमोरचं. जागा चोख. प्रत्येकाला कुलपाचं कपाट, प्रत्येक मजल्यावर आग विझवायची बाटली, तिच्यावरची तपासणीची चिठ्ठी ताजी. फक्त एका वेळी पंधरा दिवसांच्या वर ठेवत नाहीत आणि यादी लांब आहे. तुझं नाव यादीत घातलं आहे. राग मानू नकोस, नाव घातल्याने काही बिघडत नाही.

मी एकेका ठिकाणी हात लावून बघतो. बटण गरम होतं का, भिंतीला ओल आहे का, गादी उलटून. तुला आठवतं, तू माझ्याबरोबर पहिल्या जहाजावर ऑइलर म्हणून आलास तेव्हा पहिल्या आठवड्यात मी तुला काय शिकवलं? कंट्रोल रूममध्ये थंड हवेत खुर्चीवर बसून लॉगबुकात आकडे भरणारा एक जण होता. मागच्या फेरीत बहात्तर डिग्री होतं, या फेरीतही बहात्तर असणार, लिहून मोकळा. आपण त्याला पेनाची फेरी म्हणायचो. पाय हलले नाहीत, पेन फिरून आलं. मी तुला बेअरिंगवर हात ठेवायला लावला आणि म्हटलं, हाताला कळल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. बत्तीस वर्षांत मी पेनाची फेरी मारली नाही, हे कुणालाही विचार.

आज संध्याकाळी बारावी जागा बघायला जायचं आहे. वसतिगृहाच्या चौकीदाराने सांगितली. म्हणाला, "खोली झकास आहे, पण तिथे कुणी टिकत नाही." मी विचारलं, का? तर म्हणाला, "जा की, कान आहेत ना?"

— दादा


११ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्या, सापडली!

बाकीचं पत्र सावकाश वाचलंस तरी चालेल, हा शब्द आधी वाच. सापडली.

शहराला पाणी पुरवणारं एक पंपघर आहे. त्याच्या समोर, गल्ली ओलांडून, दगडी घर. खाली एक शिलाईवाल्या काकू राहतात आणि कपडे शिवतात, वर एक खोली. बारा फूट चार इंच बाय दहा फूट अकरा इंच. दोन लोखंडी खाटा. खिडकीचा गज बिजागरीवर आहे आणि खिट्टी आतून, मी सात वेळा उघडून बघितली. मोरी खोलीतच. दार बाहेर उघडतं. खिळ्यांना गंज नाही.

आणि भाडं इतकं कमी की मला संशय आला. मी काकूंना स्पष्टच विचारलं, यात खोट काय आहे?

काकू मशीन थांबवून म्हणाल्या, "खोट ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मी कान दिला. समोरच्या पंपघरात दोन पंप चालू होते. दिवसरात्र चालू असतात. एक सलग घरघर, जमिनीतून तळव्यांपर्यंत येणारी, पेल्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठवणारी. धाकट्या, मी तिथे डोळे मिटून उभा राहिलो. आपल्या केबिनमध्ये मशीनरीचा आवाज येतो ना, अगदी तस्सा! मिनिटाला बाराशेच्या आसपास फेरे असावेत.

काकू म्हणाल्या, "आधीच सांगते, नंतर भांडण नको. आधीचे तीन भाडेकरू झोप नाही म्हणून पळाले. एक तर नवरा-बायको होते, ते आवाजापायी एकमेकांशीच भांडायला लागले."

"काकू, आम्हाला आवाज थांबला की जाग येते."

"असलं कसलं हो तुमचं?"

मी समजावलं. जहाजावर मशीन बंद पडलं म्हणजे काहीतरी बिघडलं. म्हणून आमच्या अंगाला सवय, की घरघर चालू आहे तोवर झोप, थांबली की पायात बूट. घरी गेलो की पहिले आठ दिवस आम्ही छताकडे बघत पडतो आणि बायकांना वाटतं यांच्या मनात काय चाललंय. काकू इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली टाचणी खाली पडली, मग आम्ही दोघं ती शोधत बसलो. खलाशांनी या खोलीकडे आजवर पाठ फिरवली ती केवळ कुणी सांगितलं नाही म्हणून.

पण मी लगेच हो म्हणालो नाही. तुला माहीत आहे मी कसा आहे. एक खाट घेऊन कालपासून स्वतः राहायला आलो, पारखून बघायला. आज दुपारी जेवून आडवा झालो आणि गाढ झोपलो. तीनच्या सुमाराला एकदम जागा झालो तो खोलीच्या मधोमध उभा, एक बूट पायात, दुसरा हातात. काही कळेना. मग लक्षात आलं, पंपघरात एक पंप बंद करून तिसरा चालू करत होते, मध्ये अर्ध्या मिनिटाची शांतता. काकू खालून ओरडल्या, "काय पडलं?" म्हटलं, मीच.

चौथा नियमही तपासला. भीत भीत विचारलं, कागदपत्रं काय लागतील? काकू म्हणाल्या, "झेरॉक्स द्या. मूळ कागद मला नकोत बाई, हरवले तर माझ्या जिवाला घोर." अशी माणसं असतात, धाकट्या.

मग त्यांनी विचारलं, "मूळ कागद ठेवून घेणारेही असतात का?" मी म्हटलं, असतात. माझ्या भावाचे ठेवून घेतले होते. जहाजावर चढायचा फोन आला आणि मॅनेजर ड्रॉवरला कुलूप लावून तीन दिवस गावी गेलेला. किल्ली त्याच्या खिशात. जहाज सुटलं. भाऊ फिटर म्हणून चढणार होता ते राहिलं, अकरा महिने घरी बसला, कंपनीने यादीत खाली टाकलं.

काकूंनी मान हलवली. दोरा दाताने तोडला. म्हणाल्या, "आणि असली जागा त्याला मिळाली कशी? कुणी बघितली नव्हती का आधी?"

मी म्हणालो, "बघितली होती."

"कुणी?"

"मी."

त्यांनी सुईत पुन्हा दोरा ओवला. मग म्हणाल्या, "तरी आता तुम्हीच शोधताय. विश्वास आहे म्हणायचा भावाचा."

मला वर काम होतं, मी वर आलो.

तू एकदा ही खोली बघच. माझ्यासाठी नाही, त्या घरघरीसाठी.

— दादा


१४ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्या,

जिना नाही.

आज सकाळी दहा वाजता मी त्या जागी गेलो होतो. तुझ्या त्या जुन्या जागी. पहिल्यांदा.

काकूंनी विचारल्यापासून तीन दिवस ती घरघर असूनही झोप लागेना. वाटलं, एकदा डोळ्यांनी बघून यावं, म्हणजे निदान पुढच्या वेळी खोटं तरी नीट बोलता येईल. हे असं मनात आलं, ते तसंच लिहितो आहे.

तळमजला आहे. वर मजलाच नाही, पत्रा आहे. दहा खाटा एका रांगेत, हवा यायला एक झरोका. आत शिरताच टेबल, आणि टेबलाच्या मागे भिंतीवर पाटी: "मूळ कागदपत्रे कचेरीत जमा केल्याशिवाय खाट मिळणार नाही." पांढऱ्या रंगावर लाल अक्षरं. अक्षराची उंची चार इंच. मी पट्टी लावली.

टेबलावरचा माणूस म्हणाला, "काय पाहिजे?"

"ही पाटी नवी आहे का?"

"मी नऊ वर्षं इथे आहे. माझ्याही आधीची आहे."

"आणि मालक?"

"मॅनेजर गावी गेलेत."

अजूनही गावीच जातो तो.

धाकट्या, दारात नुसतं उभं राहिलं असतं तरी वाचता आलं असतं. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचीही गरज नव्हती. त्या वेळी मी याच शहरात होतो. इथून चालत वीस मिनिटांवर. त्या सकाळी मी जुन्या बाजारात मायक्रोमीटर बघत होतो, जर्मन बनावटीचा, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा. तासभर घासाघीस केली. आमच्या जहाजावरचा स्वयंपाकी, भंडारी, कधीतरी म्हणाला होता, एक स्वस्त जागा आहे, दुसरा मजला, हवेशीर. तो कुठल्या जागेबद्दल बोलत होता देव जाणे. मी तेवढ्यावर तुला पत्ता कळवला. जिना अरुंद आहे हे माझ्या पदरचं. नुसतं "चांगली आहे" म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, बघितलीस का? म्हणून जिना घातला. माझ्यासारख्या माणसाने सांगितलेला जिना कोण तपासणार?

मी पेनाची फेरी मारली नाही, हे मागच्या आठवड्यात मी तुलाच लिहिलं. तुला!

आणि आज त्या पत्र्याखाली उभा असताना मला दुसरी गोष्ट आठवली. त्या दिवशी संध्याकाळी तू फोन केला होतास. म्हणालास, "दादा, जागा दुसऱ्या मजल्यावर म्हणालास ना?" मी म्हटलं, "हो. मी स्वतः बघितली आहे."  मग म्हणालास, "बरं."

तू तेव्हा तिथेच उभा होतास ना? त्या पाटीसमोर, सामान हातात. तुला त्याच क्षणी कळलं होतं. जागा सापडत नाही म्हणून विचारलं असशील, पत्ता चुकला का म्हणून. आणि मी फोनवरून तुला तो नसलेला जिना चढायला लावला. तरी तू राहिलास, कागद दिलेस, कारण दादाने स्वतः बघितलेली जागा होती.

जहाज सुटल्यावर घरी सगळ्यांसमोर मी जे बोललो ते मला पाठ आहे. "जागा मी स्वतः पारखून दिली होती. ह्याने कागद देऊन टाकले, त्याला मी काय करू? अक्कल मोजून देता येत नाही." ताई होती, तुझी बायको होती. तू ताटातून मान वर केली नाहीस. एक शब्द बोलला असतास, "तिथे जिना नाही" एवढा, तर माझी इंचपट्टी तिथेच मोडली असती. तू भात कालवत राहिलास. मला वाटलं, हा चुकला म्हणून गप्प आहे.

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. जहाज गेलं म्हणून नव्हे, हे मला आज कळलं. त्याला सहा वर्षं आणि बाराव्या जागेच्या काकू लागल्या.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, आत माफी नाही. ते खोडून वाच.

— दादा


१९ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या,

कारकून म्हणतो, तिन्ही पत्रं तुला परवाच्या बंदरात एकदमच मिळाली, आणि चौथं आजच्या थैलीत गेलं असतं ते त्याने आधीच विमानाने पाठवलं. "जाड होतं, महत्त्वाचं असेल असं वाटलं," म्हणाला. म्हणजे तू हे सगळं वाचलंस किंवा सगळं समुद्रात टाकलंस.

ताईला मी फोन करून सांगितलं. सगळं. जिन्यासकट. 

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. म्हणजे त्या दिवशी तो खरं बोलू शकत होता?"

"हो."

"आणि बोलला नाही."

"नाही."

"आणि तू त्याला अक्कल शिकवत होतास."

"हो गं."

"आता हे मला कशाला सांगतोस? त्याला सांग."

"लिहिलंय."

"मग त्याच्या बायकोलाही सांग. तिने सहा वर्षं नवऱ्याला वेंधळा समजून काढलीत." आणि वर, "जेवतोस ना वेळेवर?"

तुझ्या बायकोलाही फोन केला. ती काय म्हणाली ते तुला तिच्याचकडून कळू दे, माझ्या कानाला अजून चटका आहे. पण हक्काचं बोलली.

आता दुसरी बातमी, ती मात्र तुला आवडेल. मला तिसऱ्या दिवसापासून वाटत होतं की दोन नंबरच्या पंपाची बेअरिंग ओरडते आहे. बारीक, पण ओरडते. काल गल्ली ओलांडून पंपवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "पलीकडच्या घरातून ऐकू आली तुम्हाला?" म्हटलं, झोपेत ऐकू आली. तो चिडला. म्हणाला, मी अठरा वर्षं इथे आहे, तुम्ही आठ दिवस. मी म्हटलं, माझं ऐकू नका, हात ठेवून बघा. त्याने रागारागाने हात ठेवला आणि तो काढला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता! आज सकाळी त्याने पंप उघडला, बेअरिंगच्या गोळ्यांवर चट्टे पडलेले. आता तो मला बघून सलाम ठोकतो आणि काकू गल्लीत सगळ्यांना सांगतात, आमच्या वरच्यांना यंत्राची नाडी कळते. मी छाती फुगवून घेतली, नाही म्हणत नाही. मग तुझी आठवण आली आणि थोडी हवा सोडली.

आता कामाचं. खोली काकूंनी सत्तावीस तारखेपासून तुझ्यासाठी धरून ठेवली आहे, पण पंचवीसला दुपारी त्यांना होय-नाही सांगायचं आहे. वसतिगृहाच्या चौकीदाराने घरघरीची गोष्ट पसरवली, आणि आता दोन खलाशी रोज येऊन खालून विचारून जातात. चार दिवसांत खोलीचं नशीब पालटलं.

तू ठरव. मी शोधली म्हणून नको असेल तर वसतिगृहात तुझा नंबर लागला आहे, पंधरा दिवसांसाठी. पत्ता मागे लिहिला आहे. ती जागाही मी आत जाऊन, तिन्ही मजले चढून बघितली आहे. खोली हवी पण मी नको असेन, तर तसंही कळव. माझं जहाज दोन मार्चला आहे, तोवर पंपवाला मला त्याच्या बाकावर पाठ टेकू देईल. खोली तुझी, किल्ली काकूंकडे.

आणि माझं मत विचारशील तर, खिडकीजवळची खाट तुझी. मी पहिल्या दिवसापासून भिंतीकडच्या खाटेवर झोपतो आहे.

— दादा


२३ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

दुपारी बाराला कारकून स्वतः चालत गल्लीत आला. खालूनच ओरडला, "इंचपट्टी, जहाजावरून चिठ्ठी!" मी इतक्या घाईने उतरलो की काकूंनी मशीन थांबवलं.

चिठ्ठी कसली, लॉगबुकाच्या पानाची फाडलेली पट्टी. त्यावर तुझं ते कोंबडीच्या पायाचं अक्षर. ना मायना, ना सही. एवढंच:

"जिन्याला पायऱ्या किती?"

कारकून म्हणाला, "आता जहाजावर फोन जोडून देतो म्हणालो तर तुमचा भाऊ म्हणाला, नको, लिहूनच येऊ दे. हे काय आहे हो? कोडं आहे का?"

मी तिथेच पायरीवर बसलो. हसायला आलं आणि ते आवरेना. काकू दारात येऊन म्हणाल्या, "वाईट बातमी आहे का?" कारण माझे डोळे पुसायचे राहून गेले होते. म्हटलं, नाही काकू, खोली ठेवा. पंचवीस कशाला, आजच सांगतो, खोली ठेवा. त्या म्हणाल्या, "भाऊ येतोय म्हणून लिहिलंय?" म्हटलं, नाही, पायऱ्या विचारल्यात. त्यांनी कारकुनाकडे बघितलं, कारकुनाने खांदे उडवले.

धाकट्या, मी खोलीची लांबी इंचात लिहिली. गजाच्या बिजागऱ्या लिहिल्या. पंपाचे फेरे लिहिले. पायऱ्या तेवढ्या नाही लिहिल्या, आणि तू नेमक्या त्याच विचारल्यास. कारकून थांबला आहे, थैली तीनला बंद होते. तेरा दिवस मी हा जिना चढतो-उतरतो आहे, दिवसातून सहा वेळा तरी. सोळा पायऱ्या आ

थांब. मोजून येतो.

सतरा आहेत.

चढताना मोजल्या, उतरताना मोजल्या, मग काकूंना मोजायला लावल्या, कारण तू माझ्या एकट्याच्या शब्दावर का विश्वास ठेवावास? त्या म्हणाल्या, "तीस वर्षं राहते इथे, मला वाटायचं सोळा." खालची पायरी अर्धी जमिनीत गेली आहे, ती आम्ही दोघंही धरत नव्हतो. दगडी आहेत, रुंदी अडीच फूट, म्हणजे जिना थोडा अरुंदच आहे. खरंच आहे.

नवव्या पायरीची उजवी कड तुटलेली आहे. तिथे पाय जपून टाक. आणि सामान जड असेल तर खालून हाक मार, मी खाली येईन.

— दादा